फटका पायांतून येतो

‘‘सर, लागतच नाय.’’

मुरबाड तालुक्यातल्या एका शाळेच्या मैदानावर सातवीतली एक मुलगी बॅट जमिनीला टेकवून उभी होती. ओळीने अकरा चेंडू हुकले होते. मी तीन आठवडे तिच्या हातांच्या मागे लागलो होतो. कोपर वर घे, मनगट वळव, जोरात मार. तिने सगळं ऐकलं, सगळं केलं, आणि चेंडू तिच्या बॅटला चुकवून मागच्या जाळीत जात राहिला.

त्या शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या पाड्यावरून चाललो होतो. भातरोपांसाठी राब भाजायचे दिवस. बांधावरचं एक वाळलेलं खोड ही पोरगी लहान कुऱ्हाडीने तोडत होती. मी थांबून पाहिलं. पाय खांद्यांपेक्षा जरा रुंद रोवलेले. कुऱ्हाड मागे जाताना वजन मागच्या पायावर. मग पुढचा पाय घट्ट, कंबर वळली, आणि सगळ्यात शेवटी हात. पातं आडवं येऊन खोडात रुतलं. जोर लावल्यासारखं काही वाटतच नव्हतं.

मी म्हटलं, ‘‘अगं, हाच फटका. हाच मारायचाय सोमवारी.’’

ती हसली. ‘‘सर, हे लाकूड हाय. हे हलत नाय.’’

सॉफ्टबॉलच्या बॅटिंगबद्दल मला जे सांगायचंय, ते या दोन वाक्यांत जवळपास सगळं आलं. शहापूर-मुरबाडच्या मुलामुलींच्या अंगात फटका असतोच. तो पायांतून सुरू होतो आणि हातांत संपतो. आपण शिक्षक आणि पालक मात्र तो हातांपासून शिकवायला जातो. म्हणून दुरुस्ती खालून वर करायची, आणि आधी न हलणाऱ्या चेंडूवर, मग हलणाऱ्या. पुढचं सगळं या क्रमाने आहे. वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलीचं आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट धरावी.

क्रिकेटमधून काय आणायचं, काय नाही

आपल्याकडे सॉफ्टबॉल बहुतेकांच्या आयुष्यात शाळेतूनच येतो. १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या शालेय स्पर्धा जाहीर झाल्या की क्रीडाशिक्षक वर्गातून क्रिकेट खेळणारी मुलं निवडतात. निवड चुकीची नसते. चेंडूवरची नजर, झेल, फेक हे सगळं कामाला येतं. अडचण बॅट हातात आल्यावर होते.

क्रिकेटमध्ये चेंडू टप्पा पडून येतो, म्हणून फलंदाज पाय टाकून चेंडूपर्यंत जातो. इथे टप्पा नाही. चेंडू पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणारीच्या, हातातून सरळ बॅटरच्या गुडघा ते काख या पट्ट्यात येतो, म्हणून चेंडूला भेटायला जायचं नाही, त्याला आपल्या जागेवर येऊ द्यायचं. क्रिकेटची बॅट सपाट, रुंद आणि उभी चालते. ही गोल, जास्तीत जास्त ५.७ सेंटिमीटर जाडीची आणि आडवी चालते. क्रिकेटमध्ये मागे सरकवलेला चेंडूही चौकार देतो. इथे पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या रेषांमधला ९० अंशांचा तुकडा तेवढा आपला, बाहेर गेला की फाऊल. लेग ग्लान्स आणि कट इथे वाया जातात.

शिकवताना एक शब्दही घात करतो. क्रिकेटची बॅट खाली लोंबते, म्हणून मुठीच्या टोकाकडचा डावा हात हा ‘वरचा हात’. सॉफ्टबॉलची बॅट वर उभी असते, म्हणून तोच डावा हात ‘खालचा’ होतो. शिक्षक ओरडतो, ‘‘वरचा हात सैल!’’ आणि क्रिकेटवाली मुलगी नेमका उलटा हात सैल सोडते. म्हणून हे दोन्ही शब्द टाळा. ‘मुठीकडचा हात’ आणि ‘आतला हात’ म्हणा, किंवा सरळ डावा-उजवा म्हणा.

बॅट आणि पकड

नियमाने बॅट जास्तीत जास्त ८६.४ सेंटिमीटर, म्हणजे ३४ इंच लांब असते. शाळेच्या किटमध्ये अनेकदा तीच मोठी बॅट असते आणि पाचवीतल्या मुलालाही तीच दिली जाते. दहा-बारा वर्षांच्या मुलांना साधारण २८ ते ३० इंची, तेरा-पंधराच्या मुलांना ३० ते ३२ इंची बॅट झेपते. पारख सोपी आहे. मुलीला बॅट एका हातात, खांद्याच्या उंचीला, समोर आडवी धरायला सांगा आणि सावकाश वीस मोजा. त्याआधीच टोक खाली आलं तर बॅट जड आहे. दुसरी बॅट नसेल तर मुठीपासून तीन-चार बोटं वर धरू द्या. त्यात कमीपणा नाही.

बॅट तळहातात दाबून धरायची नाही, बोटांत धरायची. दार ठोठावताना जी बोटांची पेरं दाराला लागतात, ती दोन्ही हातांची पेरं साधारण एका रेषेत यावीत. कुऱ्हाडीचा दांडा धरताना ती आपोआप तशी येतात. पकड ढिली ठेवा. चेंडू लागायच्या क्षणी ती आपसूक आवळते. आधीपासून आवळलेली मूठ खांद्यापर्यंत सगळं ताठ करते.

पाय: कबड्डीत पकड करायला उभे राहता तसे

पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, गुडघे जरासे वाकलेले, वजन चवड्यांवर. समोरून चढाईवाला येतोय आणि कुठल्याही बाजूला सरकावं लागेल, अशी ती उभं राहण्याची पद्धत. मुलं हे लगेच ओळखतात. छातीला हलकेच ढकलून पाहा. मागे तोल गेला तर वजन टाचांवर आहे.

प्लेटपासून, म्हणजे बॅटरसमोर जमिनीत बसवलेल्या पट्टीपासून, किती लांब उभं राहायचं? कमरेतून थोडं वाकून बॅटचं टोक प्लेटच्या पलीकडच्या कडेला टेकलं की अंतर बरोबर. प्लेट ४३ सेंटिमीटर रुंद असते, तेव्हा फार लांब उभी राहिलेली मुलगी बाहेरच्या चेंडूला कधीच पोचत नाही.

आता पाऊल. फटक्याआधी वजन थोडं मागच्या पायावर घ्यायचं आणि पुढचा पाय अर्धी वीत पुढे, हलकेच टेकवायचा. अर्धी वीत म्हणजे अर्धीच. पाऊल टेकलं तरी डोकं दोन्ही पायांच्या मध्येच राहायला हवं आणि हात मागेच राहायला हवेत. सर्वात मोठी चूक इथे होते. पाऊल टाकताना सगळं अंग पुढे जातं, डोकं पुढे जातं, आणि डोकं हललं की चेंडूही डोळ्यांसमोर हलतो.

सरावासाठी पाऊल टाकून ‘थांब’ म्हणा. मोठ्याने दोन मोजा. मग फटका. दहा वेळा असं केल्यावर मुलीला स्वतःलाच कळतं की आपण पाऊल टाकतोय की पुढे पडतोय.

कंबर: बेंबी पिचरकडे

पुढचा पाय टेकला की कंबर वळते, आणि मागच्या पायाची टाच उचलली जाते. फटक्याच्या शेवटी मागच्या पायाचा फक्त पुढचा भाग जमिनीवर, गुडघा आणि बेंबी पिचरकडे. बेंबी अजून प्लेटकडेच बघत असेल तर फटका निव्वळ हातांचा होता.

पुष्कळ ठिकाणी ‘मागच्या पायाने मुंगी चिरड’ असं सांगतात. सुरुवातीला ते उपयोगी आहे, पण काही मुलं तेवढंच मनावर घेऊन मागच्या पायावरच बसून राहतात. वजन तिथेच अडकतं आणि चेंडूला काही मिळत नाही. पुढचा पाय खांबासारखा ताठ झाला का, मागची टाच आकाशाकडे गेली का, हे पाहा.

यासाठी बॅट लागतच नाही. एक काठी पाठीमागे कमरेवर आडवी धरून कोपरांत अडकवा आणि नुसतं वळा. हात बांधलेले असल्यामुळे फसवायला वाव नाही. वळायचं तर कमरेनेच.

हात: सर्वात शेवटी

हात कमरेच्या मागून येतात. उजवं कोपर बरगडीजवळून जातं आणि आधी बॅटची मूठ चेंडूकडे निघते, टोक मागे रेंगाळतं, मग टोक फटकन पुढे येतं. हात आधीच लांब केले तर बॅट मोठा वळसा घालते आणि उशिरा पोचते.

चेंडू लागतो त्या क्षणी उजवा तळवा आकाशाकडे, डावा जमिनीकडे. बॅट चेंडूच्या वाटेवर जास्तीत जास्त वेळ राहावी. पिचरचा चेंडू थोडा उतरत येतो, म्हणून बॅटची वाट अगदी सपाट किंवा जराशी वर जाणारी असावी. वरून खाली मारलं तर चेंडू आणि बॅट एका क्षणापुरतेच भेटतात. हनुवटी डाव्या खांद्यापाशी सुरू होते आणि उजव्या खांद्यापाशी संपते. डोकं जागेवर, खांदे त्याखालून जातात.

बॅटची वाट आखूड करायला एक जुना उपाय आहे. दोरीवर वाळत घातलेल्या साडीसमोर उभं राहायचं. बॅटची मूठ पोटाला आणि टोक साडीला लागेल एवढं अंतर. आता साडीला धक्का न लावता बॅट फिरवा. हात लांब गेले की साडी सांगते. भिंतीसमोर हे करू नका, बॅटही जाते आणि मनगटही.

लाकूड हलत नाही, चेंडू हलतो

इथवरचं सगळं टीवर, म्हणजे उभ्या नळीवर ठेवलेल्या चेंडूवर शिकता येतं. पण ती मुलगी बरोबर बोलली होती.

मोठ्या मुलींच्या सामन्यात पिचर १३.११ मीटरवरून चेंडू टाकते. ती पाऊल पुढे टाकून सोडते, म्हणजे उरतात साडेअकरा-बारा मीटर. ताशी ६० किलोमीटर वेगाचा चेंडू हे अंतर साधारण ०.७ सेकंदात कापतो. त्यात बॅट फिरायला जवळपास ०.२ सेकंद लागतो. बघणं, ओळखणं आणि ठरवणं यासाठी उरतो अर्धा सेकंद. म्हणून चेंडू सुटल्यावर तयारी करायची म्हटलं तर उशीर झालेला असतो.

तयारी पिचरच्या हाताबरोबर करायची. तिचा हात गोल फिरत डोक्यावर गेला की बॅटरने वजन मागे न्यायचं. हात मांडीपाशी येऊन चेंडू सुटला की पाऊल. मग चेंडू पाहून कंबर, किंवा सोडून देणं. ‘मागे, पाऊल, वळ.’ या तीन शब्दांचा ताल मुलांना तोंडाने म्हणायला लावा. आमच्याकडे तो ढोलाच्या ठेक्यावर पक्का झाला.

मधला टप्पा म्हणजे बाजूने, तिरकं बसून हलकेच उडवून दिलेला चेंडू. टाकणाऱ्याने चेंडू आधी दाखवायचा, हात मागे न्यायचा, मग टाकायचा, म्हणजे मुलीला तालाची सवय होते. आतला चेंडू पुढच्या पायाच्याही पुढे लागायला हवा, मधला पुढच्या पायासमोर, बाहेरचा त्याहून मागे, पोटाजवळ. टीची जागा बदलून हे आधी दाखवा. बाहेरचा चेंडू पुढे गाठायला गेल्यामुळे वाया गेलेले फटके मी अगणित पाहिले आहेत.

साहित्य घरात आहे

सॉफ्टबॉलचा जन्मच हाताशी असेल त्यातून झाला. १८८७ साली शिकागोत काही तरुणांनी मुष्टियुद्धाचा हातमोजा गुंडाळून त्याचा चेंडू केला आणि काठीने तो बंद खोलीत मारला. तिथून निघालेला खेळ १९९६ ते २००८ ऑलिंपिकमध्ये होता, टोकियोत परतला आणि २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये पुन्हा आहे. तेव्हा किट नाही म्हणून अडू नका.

टी करायला रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओता, त्यात प्लास्टिकचा पाइप उभा करा आणि वरच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा वीतभर तुकडा चढवा. ट्यूब लवचीक असल्याने बॅट लागली तरी चालतं. चेंडू म्हणजे जुन्या मोज्यांचा घट्ट गोळा, वर चिकटपट्टी. समोर आंब्याच्या फांदीला दोन गोणपाटं शिवून टांगा, चेंडू शोधायला शेतात धावावं लागत नाही.

नजरेसाठी एक खेळ सांगतो. डॉमिनिकन रिपब्लिक या बेसबॉलवेड्या देशात मुलं पाण्याच्या मोठ्या बाटल्यांची झाकणं झाडूच्या दांड्याने मारत वाढतात. त्या खेळाचं नाव आहे व्हितिया, आणि स्पॅनिशमध्ये ते लिहिताना त्याची सुरुवात आपल्या विटीसारखीच होते. निव्वळ योगायोग, पण मुलांना सांगितलं की ती खूश होतात. पाण्याच्या जारची झाकणं आता शहापूर-मुरबाडच्या कुठल्याही बाजारात मिळतात. झाकण हवेत वळतं, डगमगतं. ते बारीक दांड्याने लागायला लागलं की ३० सेंटिमीटर परिघाचा सॉफ्टबॉल भोपळ्याएवढा दिसतो. झाकण टाकणाऱ्याने मात्र आडोशामागे उभं राहावं, डोळ्याला लागू शकतं.

कोणीही बॅट फिरवायच्या आधी आजूबाजूला चार-पाच पावलं मोकळी आहेत का हे बघण्याची जबाबदारी एका मुलाला नेमून द्या. खरा चेंडू टाकायला लागलात की हेल्मेट हवंच. तडा गेलेली बॅट सरळ बाजूला काढा.

चूक हातात दिसते, असते दुसरीकडे

• चेंडू सारखा पायापाशी जमिनीवर आपटतो: मुलगी भात झोडल्यासारखी वरून खाली मारते. टी कमरेच्या उंचीला ठेवा आणि गोणपाटाच्या मध्यावर खडूने काढलेल्या वर्तुळात मारायला लावा.

• चेंडू नुसता वर उडतो: मागचा खांदा पडतोय. टी छातीच्या उंचीला आणा, खांदा पाडून तो चेंडू लागतच नाही.

• नेहमी उशीर: हात मंद आहेत असं समजू नका. बहुतेक वेळा वजन मागे न्यायला उशीर झालेला असतो. ताल लवकर सुरू करा.

• हळू चेंडूवर पुढे पडते: पावलाबरोबर वजनही गेलं. ‘पाऊल, थांब, फटका’ कडे परत जा.

• सगळं तिसऱ्या बेसच्या बाहेर फाऊल: डावा खांदा आधीच उघडतो. टी बाहेरच्या बाजूला आणि मागे ठेवा, उजवीकडे मारायला सांगा.

तपासायला मोबाइल पुरेसा आहे. साध्या चित्रीकरणात सेकंदाला ३० चित्रं असतात, म्हणजे फटक्याची जेमतेम सहा हाती लागतात. स्लो मोशनमध्ये २४० असतील तर अठ्ठेचाळीस मिळतात. मोबाइल बॅटरच्या छातीसमोर, प्लेटच्या पलीकडे, कमरेच्या उंचीला ठेवा. बघताना पायांपासून सुरू करा. मुलीलाही दाखवा, पण गावाच्या ग्रुपवर टाकू नका.

चार आठवडे, आणि पाऊस

पहिल्या आठवड्यात फक्त पाय. दुसऱ्यात कंबर. तिसऱ्यात हात आणि टी. चौथ्यात बाजूने टाकलेला चेंडू आणि शेवटी पिचर. आठवड्यातून चार दिवस, दिवसाला आठ-आठच्या आठ फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर मिनिटभर विश्रांती. याहून जास्त केलं तर दमलेलं अंग चुकीचाच फटका पाठ करतं. हाताला फोड आले, पाठ दुखली तर त्या दिवशी बॅट नको. लावणी किंवा कापणी करून आलेल्या मुलीच्या कमरेने तो दिवस आधीच भरलेला असतो, हेही लक्षात ठेवा.

आपल्याकडे जूनपासून मैदानाचा चिखल होतो, आणि शालेय स्पर्धा तर पावसाळा सरता सरता तोंडावर येतात. म्हणून पाय आणि कंबर शाळेच्या व्हरांड्यातच करून घ्या. मोज्याचा चेंडू, टी आणि गोणपाट तिथेही मावतात.

एका दिवशी एकच सूचना. डोकं, कोपर, पाय, मनगट असं सगळं एकदम सांगितलं तर अर्ध्या सेकंदात मुलगी त्यातलं काय आठवणार? आज टाच, तर दिवसभर टाचच. फटका हुकला पण टाच उचलली, तर शाबासकी द्या.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगतो. आम्ही कुऱ्हाडीपासून सुरू केलं. टी, साडी, झाकणं, ढोलाचा ताल, सगळं झालं. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या सराव सामन्यात दुसरा चेंडू तिने सोडला, तिसऱ्यावर टाच उचलली, बेंबी पिचरकडे गेली आणि चेंडू दुसऱ्या बेसवरून सरळ रेषेत मैदानात गेला. तसा फटका तिने आयुष्यात पहिल्यांदा मारला होता. म्हणून ती तो बघत तिथेच उभी राहिली, बॅट हातात, तोंड उघडं. आम्ही सगळे ओरडलो, ‘‘पळ!’’ ती पळाली, तीही क्रिकेटसारखी बॅट हातात घेऊनच. पहिला बेस १८.२९ मीटरवर होता. चेंडू तिच्याआधी पोचला.

पुढच्या आठवड्यात काय शिकवायचं, हे मला ठरवावं लागलं नाही.